आतोबांचा हूक आणि आत्याचा कढीपत्ता

आमच्या आतोबांच्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा पूर्वीसारखी चालली, असं एकही उदाहरण आमच्या खानदानात नाही. ती बंद पडत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण पूर्वी करत नव्हती असं काहीतरी ती करू लागते. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा वारा देतो, पण छताला. त्यांनी उघडून पुन्हा बंद केलेलं वॉशिंग मशीन कपडे छान पिळतं, फक्त पिळता पिळता मोरीतून निघून हॉलपर्यंत येतं, म्हणून आत्याने ते खिडकीच्या गजाला दोरीने बांधून ठेवलं होतं. दारावरची बेल वाजायची तर आत फ्रिजचं दार नीट लावलेलं असावं लागायचं. बाहेर ताटकळलेल्या पाहुण्याने कुरकुर केली तर आतोबा शांतपणे सांगायचे, "अहो, बेल उत्तम आहे. हिने फ्रिज उघडा ठेवलाय." आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात टेबलामागे बसलेल्या या माणसाला घरात कारागीर बोलावणं म्हणजे हार पत्करल्यासारखं वाटतं. "मेकॅनिक काय करतो रे? उघडतो आणि बघतो. मग आपण का नाही बघायचं?" हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि त्यात नेमकी चूक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

अशा माणसाशी संसार करायला आमच्या मालवणकडचीच बाई हवी होती. माझी आत्या लग्न होऊन घाटकोपरला आली तेव्हा आमच्या परसातलं कढीपत्त्याचं रोप पिशवीत घालून घेऊन आली. पुढे त्याचं झाड झालं. इमारतीच्या जिन्यापाशी, निळ्या प्लास्टिकच्या पिंपात, ते पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकलं. आमटी कोणाचीही असो, फोडणीत पान आत्याच्या झाडाचं. नव्याने राहायला आलेली सून सासूचं नाव शिकायच्या आधी या झाडाचा रस्ता शिकायची. मग इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. जुनी पाडून तिथे टॉवर होणार, तोवर सगळ्यांनी भाड्याच्या घरांत राहायचं असं ठरलं, आणि आतोबांनी मुलुंडला जागा बघितली. शेजारीपाजारी एकेक करून सामान बांधू लागले. आत्याने मात्र एक चमचाही हलवला नाही. त्याआधी तिचंच एक लिंबाचं झाड टेम्पोतून मुलीकडे वाशीला पाठवलं होतं. ते पोचलं तेव्हा त्याच्यावर कपाट पडलेलं होतं. "झाड येतला तर मी येतलंय," तिने सांगून टाकलं, "नायतर मी हयच रवतलंय." मुलीने समजावलं, मी समजावलं, सोसायटीच्या सेक्रेटरींनी येऊन चहा पिता पिता समजावलं. ती कप विसळायला उठून गेली.

आतोबांचा मला फोन आला तो नेहमीसारखा मध्येच सुरू झालेला. "तू रविवारी ये. जुने कपडे घाल. आपल्याला गाडीला हूक लावायचाय." कुठल्यातरी मंडपवाल्याकडून त्यांनी गणपतीत जनरेटर ओढायचा दोन चाकांचा जुना गाडा मिळवला होता. तो आपल्या गाडीच्या मागे जोडायचा, त्यावर पिंप ठेवायचं आणि झाड मुलुंडला न्यायचं. मी म्हटलं, "आतोबा, वेगळा टेम्पो करू या ना फक्त झाडासाठी." त्यावर ते म्हणाले, "टेम्पोवाला झाडाला सामान समजतो. सामानाला वारा लागत नाही, झाडाला लागतो. मी माझ्या चालीने नेणार." त्यांची चाल आख्ख्या पंतनगरला माहीत आहे. पाववाल्याची सायकल त्यांच्या गाडीला ओव्हरटेक करते आणि वर पाववाला त्यांना हात करतो.

रविवारी गेलो तर गाडीची मागची चाकं विटा आणि फळ्यांच्या उतारावर चढवलेली, खाली शतरंजी अंथरलेली, आणि शतरंजीच्या टोकाला आतोबांचे फक्त पाय. सुरुवात अर्थातच नारळाने झाली होती. हुकाच्या लोखंडाला हळदकुंकूही लागलं होतं. चासीला भोकं पाडून तो जाड पट्टा बोल्टांनी आवळायचा, एवढंच काम. पण आतोबांच्या कामाला प्रेक्षक लागतात आणि आमच्या लोकांना गाडीखालचा माणूस दिसला की सल्ला सुचतो. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ वॉशर उलटा आहे म्हणत होते, तळमजल्यावरच्या वहिनी मुहूर्त उलटा आहे म्हणत होत्या. सतरा नंबरचा पाना हरवला, सगळ्यांनी शोधला, आणि शेवटी तो आतोबांच्या डोक्याखाली उशीसारखा सापडला. संध्याकाळी मी हूक धरून लोंबकळून पाहिलं, गाडी हलली पण हूक हलला नाही. आतोबांच्या हातून असं साधं, सरळ, कुठलाही जास्तीचा गुण नसलेलं काम झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि म्हणूनच मला काळजी वाटली.

काळजी खरी ठरली ती गोळ्यापाशी. या हुकाच्या टोकाला एक लोखंडी गोळा असतो आणि गाड्याच्या दांड्याला एक उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बरोबर बसली पाहिजे. गोळा साकीनाक्याच्या ओळखीच्या, लोखंड कातून देणाऱ्या लेथवाल्याकडून करून घ्यायचा होता, आणि त्याला वाटीचं आतलं माप द्यायचं होतं. दुसऱ्या कोणी फूटपट्टी घातली असती. आतोबा म्हणाले, "गोलाचं माप गोलानेच घ्यावं." त्यांनी वाटीला आतून तूप लावलं, तिच्यात पाकातल्या रव्याचा लाडू थापला, गार होऊन कडक झाल्यावर अलगद काढला. खरोखर सुंदर गोळा निघाला. तो स्टीलच्या डब्यात ठेवून आम्ही दोघे साकीनाक्याला गेलो. आतोबांनी डबा उघडून लेथवाल्यापुढे ठेवला, म्हणाले, "शुभ काम आहे, नीट करा," आणि चष्मा काढायला खिशात हात घातला. आता आपल्याकडे शुभ कामाच्या आधी कोणी डबा उघडून लाडू पुढे केला तर माणूस काय करणार? चष्मा नाकावर चढेपर्यंत लेथवाल्याने लाडू संपवून हात पँटला पुसले होते. "चव मस्त आहे, काका," तो म्हणाला. "आता सॅम्पल दाखवा."

मग आतोबांनी आठवणीने माप सांगितलं, म्हणजे हाताची ओंजळ करून दाखवली. गोळा आला तो ओंजळीएवढाच आला. अंगणात सगळ्यांदेखत वाटी त्यावर ठेवली तर थोराड डोक्यावर बारशाचं टोपडं घालावं तशी ती वर वर बसली. आतोबा गाडीच्या डिकीला टेकून उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "घर रिकामं करायचा दिवस येईल ना, तेव्हा ही तशीच खुर्चीवर बसून राहील रे. मी तिला काय सांगू?" इतक्या वर्षांत त्यांना पाना शोधताना पाहिलं होतं, शब्द शोधताना पहिल्यांदाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला. आत्या खिडकीत उभी राहून हसत होती. गजाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लेथवाल्याची हकिगत तळमजल्यावरच्या वहिनींनी तिला नुकतीच पोचवली होती. इमारतीला नोटीस लागल्यापासून ती हसली नव्हती. थोड्या वेळाने ती खाली आली ती परात घेऊन. परातीत घट्ट कणीक होती, तिखटाने लालभडक आणि मिठाने खरखरीत. आतोबांना बाजूला सारून तिने स्वतः वाटीत कणीक दाबून भरली, अंगठ्याने कड सारखी केली, गोळा उन्हात वाळवला आणि डब्यात घालून आतोबांच्या हातात दिला. "आता म्हणावं त्याला, खा मेल्या!" ती म्हणाली. मग परात उचलून घरी गेली आणि तिने पहिलं भांडं वर्तमानपत्रात गुंडाळलं. त्या आवाजासाठी आम्ही सगळे महिनाभर कान देऊन होतो.

त्या मापाने लेथवाल्याने केलेला दुसरा गोळा वाटीत असा बसला की आतोबांनी उगाचच तो पुन्हा पुन्हा काढून बसवून दाखवला. निघायच्या सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून पिंप गाड्यावर चढवलं, साड्यांनी बांधलं, आणि मागे लाल निशाण म्हणून आत्याच्या ओटीतला एक ब्लाउजपीस लावला. आत्या पुढे बसली, पण मान पूर्ण वेळ मागे. एलबीएस रोडवरून विक्रोळी, कांजूर, भांडुप करत आमची ती मिरवणूक निघाली तेव्हा मागचे हॉर्न देत होते आणि आतोबा प्रत्येकाला "जा, बाबा, जा" म्हणत वाट देत होते. भांडुपला सिग्नलपाशी एका ट्रॅफिक हवालदाराने हात केला. त्याने हूक पाहिला, झाड पाहिलं, ब्लाउजपीस पाहिला. आत्याने काच खाली केली. "घर बदलतोय रे आम्ही," ती एवढंच म्हणाली. हवालदार म्हणाला, "सावकाश न्या, आजी." आतोबांना आयुष्यात मिळालेल्या सूचनांपैकी ही एकमेव, जी त्यांनी तंतोतंत पाळली.

मुलुंडला झाडाने आधी सगळी पानं टाकली. आत्या रोज त्याच्याशी मालवणीत भांडायची. मग एका सकाळी तिचा फोन आला, "फुटवो इलो रे!", आणि मागून आतोबा ओरडून सांगत होते की तो फुटवा त्यांनी आधी पाहिला. आता तिथल्या इमारतीतल्या बायका पानं मागायला येतात. घाटकोपरला जुन्या इमारतीच्या जागी अजून पत्र्याचं कुंपण आहे आणि आत मोठा खड्डा. टॉवर कधी उभा राहील ते कोणी नक्की सांगत नाही, आणि आतोबा-आत्या दोघंही आता जिना चढताना कठड्याला धरतात.

परवा गेलो तर आतोबा गाडी पुसत होते. हुकाच्या गोळ्याला त्यांनी तेल लावलं होतं आणि गंज चढू नये म्हणून वर एक करवंटी घालून ठेवली होती, मुहूर्ताच्या नारळाचीच. माझ्या पोटरीला तो हूक येता-जाता दोनदा लागला होता, म्हणून मी म्हटलं, "आतोबा, आता काढू या का हा? झालं ना काम." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बेल दुरुस्त करायला माणूस बोलावू का असं विचारलं होतं.

"काढू या म्हणे," ते करवंटी नीट बसवत म्हणाले. "आणि परत जाताना झाड काय मांडीवर घेऊन बसायचं?"