खिसेवाली मावशी

गल्लीत तिला सगळे खिसेवाली म्हणायचे, आणि उगाच नाही. मावशीने शिवलं आणि त्याला खिसा नाही, असं कधी झालंच नाही. एकदा तर बाईने उशीच्या अभ्र्यालाही खिसा लावला होता! शिवाय त्या खिशात एक जादा बटण टाकल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर पडायचा नाही. "बटण काय विचारून तुटतं का?" म्हणायची.

भाची लहानपणापासून तिच्याजवळच वाढली. आता नववीत होती आणि एका जाडजूड कादंबरीमालिकेने तिला पुरतं झपाटलं होतं. त्या पुस्तकांतल्या शहरात कुणाला स्वतःचं म्हणून काही ठेवायची परवानगीच नाही, म्हणून कुणाच्याच कपड्यांना खिसा नाही. भाची शिलाई मशीनशेजारी बसून मोठ्याने वाचायची आणि मावशी पाय मारता मारता तिथल्या राज्यकर्त्यांचा उद्धार करायची. "मेल्यांनो, माणसाने साधा रुमाल ठेवायचा कुठे?"

पुढे त्या पुस्तकांवर सिनेमे निघाले. पहिल्यात नायिकेचे केस लांब दाखवले म्हणून भाची आठवडाभर धुसफुसत होती. आणि दुसऱ्या सिनेमातल्या गर्दीचे करडे डगले शिवायचं काम नेमकं मावशीकडे आलं. भाची आधी नाचली, मग बोट रोखून म्हणाली, "मावशी, खिसा नाही हं! एक जरी शिवलास ना, जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

"अगं, मी काय दूधखुळी आहे?"

दूधखुळी नव्हती, पण हाताला कोण समजावणार? शेवटचा डगला मशीनवर होता आणि भाची नायिकेचा भाऊ मरतो ते पान वाचत होती. मावशी मुसमुसत होती, हात आपले चालले होते. डगले गाडीत भरून गेले. दुसऱ्या दिवशी केर काढताना तिला करड्या कापडाचा एक तुकडा सापडला. त्यातून बरोबर खिशाएवढा भाग कापलेला. मावशी मटकन स्टुलावरच बसली.

भाचीला सांगायची हिंमत काही झाली नाही. या पोरीचा अबोला म्हणजे काय चीज असते, ते तिने भोगलं होतं. घर अगदी खायला उठायचं.

सिनेमा लागला. पहिल्याच खेळाला दोघी शेजारी बसल्या. भाचीचे डोळे पडद्यावर, मावशीचे डगल्यांवर. चौकात करड्या माणसांची रांग उभी होती, थंडी पडली होती. आणि कडेच्या एका म्हाताऱ्याने हळूच हात खिशात घातला! भाचीने मावशीचं मनगट गच्च धरलं. मेले, मावशीच्या मनात आलं.

बाहेर पडल्यावर भाची झपाझप पुढे चालू लागली. मग एकदम म्हणाली, "पाहिलास तो म्हातारा? पुस्तकात नाहीये ते! सगळं काढून घेतलं तरी त्याने काहीतरी लपवून ठेवलंय. मला रडूच आलं गं. दिग्दर्शक काय डोक्याचा माणूस असेल!"

मावशीचा जीव भांड्यात पडला. आता तोंड मिटून घरी जायचं, एवढंच काम होतं.

"काय असेल गं त्याच्या खिशात?"

"बटण," मावशी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

भाची जागीच थांबली. तिचा हात आपोआप स्वतःच्या कोटाच्या खिशात गेला. तळाशी ते होतंच, तिच्या प्रत्येक कपड्यात असायचं तसं. ती मावशीकडे बघत राहिली. डोळे भरलेले, आणि हसू काही आवरत नव्हतं.

"मावशी! तू?"

"हात गेला गं माझा," मावशी रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता बोलणार नाहीस ना माझ्याशी?"

"घरी पोचेपर्यंत तरी नाही," भाची म्हणाली, आणि मावशीचा गार पडलेला हात ओढून तिने आपल्या खिशात घेतला.