कूलरसमोरची खुर्ची

आमच्या गल्लीच्या टोकाला समाजमंदिर आहे. गेल्या उन्हाळ्यात पालिकेनं त्याचं छत पांढरं रंगवलं, आत दोन मोठे कूलर लावले, दाराशी माठ ठेवले आणि बाहेर पाटी ठोकली की उन्हापासून निवारा इथे मिळेल. वाशीमचं ऊन ज्यानं सोसलं त्यालाच कळेल, ही केवढी चैन! आणि त्या चैनीत बसलं कोण? गल्लीतले झाडून सगळे बाप्ये. पत्ते, तंबाखू आणि वाळ्याचा गार वास. आम्ही बाया आपापल्या टिनाखाली शिजत होतो.

या निवाऱ्यासाठी समाजमंदिरात पालिकेची सभा झाली त्या सकाळी नेमका नळ आला होता. आमच्याकडे नळाचा भरवसा नाही; आला की हातातलं टाकून पळावं लागतं. पालिकेच्या साहेबांना समोर बाप्येच दिसले, त्यांनी बाप्यांनाच विचारलं काय पाहिजे ते. मी भिजलेल्या साडीनं, कडेवर पाण्याचा गुंड घेऊन तशीच आत घुसले.

"साहेब, बायांसाठी एक आडवा पडदा टाका. मांगच्या संडासाले कडी बसवा. नाही तं एक बी बाई इथं पाय ठेवनार नाही."

साहेब गोड हसले. "ताई, केंद्र सगळ्यांसाठी खुलं आहे. कुणालाच मनाई नाही." बाप्यांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिकडे नळावर माझा नंबर जात होता. मी तशीच बाहेर आले.

मी ब्लाउज शिवते. माझ्या मशीनसमोर, गल्लीच्या पल्याड, मेडशीकडची एक पोर राहते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते. सातवा महिना लागलेला. दुपारी तिची खोली अशी तापायची की टिनाच्या भिंतीला हात लावायची सोय नव्हती. ओला टॉवेल अंगावर घेऊन फरशीवर पडून राहायची बिचारी. संध्याकाळी माझ्याकडचे उरलेले कापडाचे तुकडे झबल्यांसाठी मागून न्यायची. मी चिडवायची, "किती झबले शिवतं वं? जुळे हायेत काय?" ती लाजून हसायची.

"दुपारची समाजमंदिरात जाय ना," मी म्हणायची.

"कशी जाऊ काकू? तिथं भासरे बसतेत."

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्यात सून भासऱ्यापुढे बसत नाही, त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या समोरून जायची वेळ आली तर तो उठेपर्यंत थांबते. आणि भासरा भला असला तर ती दिसताच तोंड फिरवून घेतो. तिचा भासरा भलाच होता, हेच तर दुखणं. वडीलधारा म्हणून दाराजवळची, कूलरसमोरची खुर्ची सगळ्यांनी मानानं त्याला दिलेली.

एका दुपारी आमच्या घरांची लाइन गेली. समाजमंदिराचे कूलर तेवढे वेगळ्या लाइनवर चालू होते. मी तिच्याकडे डोकावले तर तिचे ओठ पांढरे पडलेले. माझं डोकंच फिरलं. "मर्यादा गेली खड्ड्यात! पोटातल्याचा तरी इचार कर. जाय!"

गेली. मी मशीनवरून पाहत होते. डोक्यावरून पदर ओढून ती दारापर्यंत पोचली. भासऱ्यानं तिला पाहिलं आणि लगेच भिंतीकडे तोंड केलं, तिला संकोच न वाटता आत जाता यावं म्हणून. ती मात्र तो उठायची वाट पाहत पायरीवर उन्हात उभी राहिली. मला वाटलं, आता जाईल, आता जाईल. आत पत्त्यांचा डाव रंगलेला. ती उभीच, तो भिंतीकडे पाहत बसलेला. हातातलं कापड फेकून मी ओरडत धावले, पण मी पोचेपर्यंत ती पायरीवर कलंडली होती.

ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. ती वाचली. बाळाचे ठोके मात्र वाटेतच थांबले होते. मुलगी होती.

भासरा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता. त्याला फाडून खायच्या तयारीनंच मी गेले. "तुमाले जरा उठता नाही आलं?"

"म्या तोंड फिरवलं होतं बाई," तो लहान लेकरासारखा रडायला लागला. "मले वाटलं, गेली आत."

त्याला तसंच शिकवलेलं, तिलाही तसंच. पण मी एक पडदा मागितला होता हो, एक साधा पडदा! तेव्हाचं ते गोड हसू आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

यंदा पडदा आला. संडासाला कडी बसली. साहेब फोटो काढायला आले आणि म्हणाले, बायांना बोलवा. मी तिलाही हाताला धरून नेलं. यंदा भासऱ्यानं तोंड फिरवलं नाही. तिला पाहताच तो उठला, खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि जन्मात पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "बस माय इथं. गार हाये."

तिनं पदर मागे सारला आणि सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आता कायले बसू?" ती म्हणाली. "आता तं मी एकलीच हाओ."