तिथं लई धूळ असते

गारखेड्यातल्या माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले ते बायकोचा हात धरून. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे हे कळताच म्हणाले, "मॅडम, डोकं लई तल्लख हाय माझं. बिघडलंय ते दिल."

दिल हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून ठणठणीत ठरवलं होतं. पण गुलमंडीच्या बाजारातल्या गर्दीत एकदा छाती धडधडली, घाम फुटला आणि आता मेलोच असं वाटलं. नंतर असं वारंवार होऊ लागलं.

"आता गुलमंडीला जाता?"

"नाय. तिथं लई धूळ असते."

"शहागंजला?"

"तिथं हॉर्न लई वाजवतात."

"लग्नकार्याला?"

"जेवण तेलकट असतं."

बायको शांतपणे म्हणाली, "पुतणीच्या लग्नात हे बाहेर रिक्षातच बसले. तेलकट जेवण तिथंच मागवलं, दोनदा."

हसू दाबून मी सांगितलं, "हे भीतीचे झटके आहेत. त्यानं जीव जात नाही. पण झटका पुन्हा येईल या धास्तीनं तुम्ही एकेक जागा सोडत चाललात. औषध देते, आणि सोडलेल्या जागी हळूहळू परत जायचं."

ते मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी बहाणे नव्हतो करत?"

"बहाणेच करत होता. दुखणं मात्र खरं आहे."

त्यानंतर ते नेमानं येत राहिले, दर वेळी बाजारात न गेल्याची नवी सबब घेऊन. पुढं सणाच्या दिवसांत ते मला गुलमंडीतल्या साडीच्या दुकानात दिसले, एकटेच, घामानं निथळत. मी घाईनं जवळ गेले.

"घाबरू नका मॅडम," तेच मला म्हणाले, "झटका आलाय, जाईल. तोवर सांगा, हिला हिरवी घेऊ का जांभळी?"