सुखदेवभाऊंचे हात

सुखदेवभाऊ भेटले की नमस्कार नाही, चमत्कार नाही. दोन्ही तळहात थेट समोरच्याच्या नाकाखाली. "पाहा बरं मॅडम, लवंगीचा वास येते का?"

पहिल्या दिवशी मी दचकून मागेच सरले. मी राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेते. लोकांचे हात हुंगायची सवय कुठून असणार? पण आमच्या बबड्याने विद्यार्थ्यांच्या सात चपला खाल्ल्या होत्या, आणि कुणीतरी सांगितलं, कुत्र्याच्या नाकाला काम द्या, तोंड आपोआप आवरतं. भाऊ सकाळी मोगऱ्याचे गजरे विकायचे, संध्याकाळी कुत्र्यांना वासाचा खेळ शिकवायचे. खेळ साधा. दहा खोक्यांपैकी एकात लवंगांची डबी. कुत्र्याने ती हुंगून काढून समोर बसायचं, मालकाने हात वर करायचा. खोकी मांडणाऱ्याच्या हाताला लवंग लागलेली असली तर सगळीच खोकी वासाची, म्हणून ती हातांची तपासणी. "लवंगीचा नाही, मोगऱ्याचा येतो," मी म्हणायची. "तो चालते," म्हणत ते कामाला लागायचे.

बबड्या बसला की मला हमखास शंका यायची आणि मी दोरी ओढायची. भाऊ कडाडायचे, "वढू नका बाप्पा! नाक त्याचं हाये. तुमचं काय काम हाये मंधात?"

अकोल्याच्या स्पर्धेत बबड्याने पहिल्याच खोक्यावर पाय वर केला आणि आमचं कल्याण झालं. मग भाऊंची चिंगी उतरली. गावठी, एक कान फाटका, दोनदा थोडक्यात हुकलेली. आता तिला दिसायचंही कमी, म्हणजे ही शेवटचीच संधी. भाऊंनी तर इस्त्रीचा सदरा घातला होता. चिंगी तिसऱ्या खोक्यापाशी बसली. भाऊंनी हात वर केला.

"चूक," परीक्षक म्हणाले. "डबी सातव्यात आहे."

"मंग तिसऱ्यातबी लवंग असंन. चिंगी लबाड बोलत नाई."

परीक्षकांनी वैतागून तिसरं खोकं भाऊंच्याच हातात दिलं. "घ्या, तुम्हीच हुंगा. वास येतो म्हणालात तर पास करतो."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं हो! भाऊ खोकं धरून उभे. शेवटी म्हणाले, "साहेब, मले वासच येत नाई. कोरोनात गेला तो गेलाच. मोगरा इकतो, म्हून बजारात कोणाले सांगतलं नाई. तुमीच हुंगा."

ते हात रोज आमच्या नाकाखाली कशाला येत होते ते तेव्हा कळलं.

परीक्षकांनी हुंगलं. त्यांचा चेहरा उतरला. सकाळी सरावाला डबी त्याच खोक्यात होती. खोकं बदलायचं राहून गेलं होतं. चिंगी पास झाली. परतताना तिला अख्खं उकडलेलं अंडं मिळालं, आम्हाला नुसता उपदेश.

यंदा भाऊ चिंगीला घेऊन मुलीकडे मूर्तिजापूरला राहायला गेले. मला अजिबात करमत नाही. संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "मॅडम, राजापेठेत काय वास हाये आज?" मी गच्चीवर जाऊन सांगते: कुणाच्या तरी ठेच्याचा ठसका, पेट्रोल, गटार.

"गटार राहू द्या. मोगरा?"

"आहे ना."

"कसा हाये?"

एरवी मी 'छान' म्हणून मोकळी होते. त्या दिवशी म्हटलं, "तुमच्या हातासारखा."

भाऊ घसा खाकरून म्हणाले, "म्हंजे मी हात कधी नीट धूतच नोतो!"