हौसामावशींच्या अंगणात थांबलेली सावली

माझा अशा गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर सरळ ओलांडून जाणाऱ्यांतली मी. मूळची लातूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे हिंजवडीत राहते. पीएचडी करत होते ती दूरच्या खडकाळ ग्रहांच्या हवामानावर. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे, पृथ्वीसारखे दगडी ग्रह... तिथे वारा कसा वाहत असेल, ढग असतील का, याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं.

माझ्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. तिथे न संपणारा दिवस, पलीकडे न संपणारी रात्र. आणि मॉडेल दर वेळी एकाच जागी बंद पडायचं — रात्रीची बाजू इतकी गार व्हायची की तिथली हवाच गोठून खाली पडायची. दीड वर्ष हेच चाललं होतं.

त्यात शेजारी नवा टॉवर उभा राहत होता, दिवसभर ड्रिलिंग. शेवटी मार्चमध्ये ताम्हिणीजवळच्या एका वाडीत हौसामावशींच्या घरी महिनाभर खोली घेतली. मावशी साठीच्या, एकट्या राहतात. सकाळी रानातून हिरडा आणायच्या आणि अंगणात ताडपत्रीवर वाळत घालायच्या. घराचं तोंड पूर्वेला, त्यामुळे दुपारी घराची सावली अंगणात उतरायची. अडीचच्या सुमारास ती ताडपत्रीला टेकली की मावशी ताडपत्री उन्हाकडे ओढायच्या. मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसलेली असायचे, त्यामुळे ती वेळ मलाही पाठ झाली होती.

त्या गुरुवारी तीन वाजता सरांचा, म्हणजे माझ्या गाइडचा, कॉल होता. अडीच वाजून गेले, तरी मावशी जागच्या उठल्या नाहीत.

"मावशी, आज ओढायची नाही का?"

"सावलीच आली न्हाई गं अजून. कवाधरनं बघतीय मी. हाय तितंच हाय ती."

बघितलं तर खरंच, सावलीचा काठ ताडपत्रीपासून वीतभर अलीकडेच होता. गंमत म्हणून मी मोबाइलवर फोटो काढला. दोन चाळीस.

तीनला फोन आला. सर वाईट नाहीत, पण त्या दिवशी स्पष्टच बोलले. "हे बघ, जुलैत तुझी मुदतवाढ संपते. या ग्रहावर हवा टिकत नाही हे मान्य कर आणि काहीतरी सोपं घे." पस्तीस मिनिटं मी 'हो सर, हो सर' करत होते आणि डोळे त्या काठावर. तो बोटभरसुद्धा हलला नाही.

फोन ठेवल्यावर खरं तर रडू यायला हवं होतं. आलं नाही. सगळं इतकं शांत होतं... समोरच्या आंब्याचं पानही हलत नव्हतं. पण माझ्या घोट्यांना गार लागत होतं. खाली वाकून पाहिलं, तर घराच्या सावलीतून उन्हाकडे, जमिनीला अगदी चिकटून वारा चालला होता. वाळकी पानं सरपटत निघाली होती. हात गुडघ्याइतका वर नेला — काही नाही. खाली नेला — गार.

"पायाला लई गार लागतंय न्हवं?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, भीती नाही वाटत तुम्हाला?"

"कशापायी? ऊन हाय, हिरडा वाळतोय."

आणि खरं सांगते, मलाही वाटली नाही. उलट लहानपणी आजारी असताना कुणीतरी शेजारी बसून असावं, तसं वाटत होतं. तीन चाळीसला दुसरा फोटो काढला. वेळ टिपायला मान खाली घातली, वर केली... तर सावली पार कुंपणापर्यंत! अख्खी ताडपत्री सावलीत.

"आली बया एकदाची," म्हणत मावशी उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यात उजेड पडला. माझ्या मॉडेलमध्ये हवेचा सगळ्यात खालचा थर फार जाड धरला होता. जमिनीलगत सरपटणारा पातळ, गार वारा त्यात मावतच नव्हता. मी त्या थराचे बारीक-बारीक थर केले आणि रन लावला. चार दिवसांनी बघितलं — रात्रीकडची गार हवा जमिनीलगत दिवसाकडे निघून येत होती, तिच्या जागी वरून गरम हवा जात होती. काही गोठलं नाही. ग्रहाची हवा टिकली! सरांनी आकडे तीनदा तपासले आणि विषय बदलायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

नवरा म्हणाला, "फोनचं घड्याळ गंडलं असेल." पण तो कॉल सरांच्या फोनमध्येही तीन ते तीन पस्तीसच आहे. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून त्याने स्वतः पाहिले. एक तासाचं अंतर, सावली तिथेच. आता तो या विषयावर वाद घालत नाही.

व्हायवामध्ये परीक्षकांनी विचारलं, "खालचा थर बारीक करायचं कसं सुचलं?" मी म्हटलं, "एका अंगणात तसा वारा पाहिला." सगळे हसले. मीही हसले. वाऱ्याचं मी त्यांना समजावू शकले असते, सावलीचं नाही.

डिग्री मिळाल्यावर पेढे घेऊन वाडीवर गेले. मावशींना विचारलं, "त्या दिवशी नेमकं काय झालं असेल हो?"

"थांबला आसंल सूर्व्या. रोज चालतोय बिचारा, एक दिस टेकला तर काय बिघडलं?" मावशींनी पेढा तोंडात टाकला. "तू जेवून जा."

मी जेवले. पिठलं-भाकरी होती. यापेक्षा बरं स्पष्टीकरण मला अजून कुणी दिलेलं नाही.