भोंगाअण्णांची मध्यरेषा

“परत या, साहेब, परत या! मध्यरेषेला शिवल्याशिवाय गुण मिळायचा नाय!”

रंगमंचावर भोंगाअण्णा ओरडत होते आणि समोरच्या खुर्चीत मुंबईचे एक गाजलेले दिग्दर्शक तोंड उघडं टाकून बसले होते. त्यांना विचारलं होतं एवढंच, की तुमच्या सिनेमाचा शेवट असा अर्धवट का. त्यावर साहेब आधी युरोपात गेले, तिथून माणसाच्या एकटेपणात शिरले, आणि पेणच्या हॉलमधली माणसं खुर्चीखालच्या चपला चाचपू लागली. तेव्हा अण्णांनी दोन खुर्च्यांच्या मधोमध स्वतः आखलेल्या चुन्याच्या रेघेकडे बोट दाखवून ही हाळी दिली. साहेब दचकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “खरं सांगू? रिळं संपली होती.” हॉल पडायचाच बाकी राहिला. अण्णांनी शांतपणे एक गुण दिला.

अण्णा मुळात कबड्डीचे समालोचक. खाडीकाठच्या खारेपाटात घरचं मिठागर, पण जिथे सामने तिथे अण्णा. आवाज असा की पेणच्या मैदानावर त्यांनी ‘पकड’ म्हटलं की वडखळ नाक्यावर एसटीचे कंडक्टर खिसेकापूमागे धावत. मूर्तिकारांच्या हमरापूरला तर सामन्यांच्या दिवसांत ओल्या गणपतींच्या कानांना फडकी बांधून ठेवत असं म्हणतात. म्हणजे पहिल्यांदा मीच म्हटलं, पण आता तिकडची माणसंही तेच सांगतात. तोंडावर सगळे ‘अण्णा’ म्हणत, पाठीमागे ‘भोंगा’. त्यांना दोन्ही ऐकू येई आणि दोन्ही आवडे.

नव्वदच्या दशकात आम्ही काही सिनेमावेड्यांनी चित्रपट महोत्सव सुरू केला. महोत्सव पेणचा, शेवटचा दिवस मात्र रोह्याला, कारण अध्यक्षांची सासुरवाडी रोह्याला लागूनच्या वरसे गावात, आणि मेव्हण्यांपुढे मिरवायला दुसरी जागा नव्हती. हे अध्यक्ष कॉलेजात प्राध्यापक. नटांच्या मुलाखती तेच घ्यायचे ठरलं होतं. पहिल्याच वर्षी वीज गेली, माइक मेला, आणि प्राध्यापकांचा आवाज त्यांच्या मिशीबाहेर पडेना. मागच्या रांगेत शेंगा खात बसलेल्या अण्णांना कोणी तरी वर ढकललं. वीज तासाभरात आली. अण्णा पुढची सहा वर्षं खाली उतरले नाहीत. अध्यक्षांनी हे विजेला माफ केलं, अण्णांना नाही.

“उत्तर म्हणजे चढाई,” अण्णा प्रत्येक पाहुण्याला बजावत. “लांब जा, पण घरी या.” पाहुणे आधी हसत, मग घाबरत, आणि शेवटी इरेला पडत. एका नायिकेनं एका दमात आपलं सगळं बालपण सांगून टाकलं. प्रेक्षक तालावर टाळ्या वाजवत होते, आणि बाईंना नंतर कोकम सरबत पाजून शुद्धीवर आणावं लागलं. पण हा सगळा तमाशा पक्क्या पायावर उभा असे. पाहुण्याचा एकेक सिनेमा अण्णांनी तंबूत, टॉकीजमध्ये, शेजाऱ्याच्या व्हिडिओवर पाहिलेला असे. कोणत्या मारामारीत कोणाच्या सदऱ्याचं कितवं बटण तुटलं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मैदानावरची त्यांची एक खोड मात्र मला फार उशिरा कळली. एकदा एका तरण्या चढाईपटूचा गुडघा निखळला आणि तो ओरडून मातीत लोळू लागला. समोर त्याची आई बसली होती. त्याच क्षणी अण्णा भोंग्यातून गरजले की पलीकडच्या अंगाला बैल सुटलाय, पोरं सांभाळा. हजार माना तिकडे वळल्या. त्या परत वळेपर्यंत पोराला उचलून नेलं होतं आणि दुसरा गडी मांडी थोपटत उभा होता. मी विचारलं, “अण्णा, बैल कुठाय?” म्हणाले, “गेला.”

आणि मग रोह्याला आला तो म्हातारा खलनायक. नाव सांगत नाही, पण आमच्या पिढीला त्याचं नाव घेऊन जेवायला बसवलेलं आहे. नायिकेच्या काकाला विहिरीत ढकलून तो जे हसला होता, त्या हसण्यानं खाडीकाठच्या बायकांनी संध्याकाळी विहिरीवर जाणं सोडलं होतं. त्याला बघायला सगळा खारेपाट ट्रकांत भरून रोह्याला लोटला. पहिल्या रांगेत त्याची मुलगी बसली होती. मी रंगमंचाच्या कडेला पडद्याची दोरी धरून होतो, त्यामुळे पुढचं मी जवळून पाहिलं.

अण्णांनी विहिरीचाच प्रश्न टाकला. म्हातारा गोड हसला. “हो... ते...” म्हणाला आणि थांबला. त्याची नजर अण्णांवरून रेघेवर, रेघेवरून माणसांवर गेली, आणि त्यानं अगदी हळू विचारलं, “आपण कुठं आलोय?” पहिल्या रांगेत मुलीनं मान खाली घातली. त्याला काहीच आठवत नव्हतं. आणखी क्षणभरात हे साऱ्या हॉलला कळलं असतं, आणि ज्याला आयुष्यभर लोक घाबरले त्याची लोकांनी कीव केली असती.

अण्णांनी माइक स्वतःकडे ओढला. “सांगतात काय, मीच सांगतो,” म्हणाले, आणि सुटले. विहिरीत यांनी नायिकेच्या बापाला ढकललं. खालून, हमरापूरच्या ट्रकातून आलेली एक बाई उभी राहिली. “अण्णा, याद गेली काय तुजी? बाप नाय, काका व्हता तो.” अण्णा म्हणाले, काका तर उसाच्या फडात मेला. “उसात मुनीम मेला,” दुसरी ओरडली. अण्णांनी मुनिमाला घोड्यावर बसवलं, घोडा कुंडलिका नदीत बुडवला, नायिकेचं लग्न खलनायकाशी लावून दिलं. हॉल पोट धरून हसत होता आणि एकेक चूक सुधारत होता. अण्णांची अब्रू जात होती आणि म्हाताऱ्याचे सगळे सिनेमे त्याच्यापुढे, त्याच्याच माणसांच्या तोंडून, एकामागोमाग उलगडत होते. तो पुढे सरकून ऐकत होता. शेवटी कोणी तरी म्हणालं, “आणि मग तुम्ही हसलात.”

म्हाताऱ्यानं मान मागे टाकली आणि हसला. तेच हसणं, विहिरीवरचं. रोह्याची सगळी कुत्री एकदम भुंकली. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायला जागाच नव्हती. बायका किंचाळल्या, मग सारा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. अण्णा माइक बाजूला धरून पुटपुटले, “आला परत.”

निघताना मुलगी अण्णांजवळ आली. तिनं काही बोलायच्या आत अण्णांनी तिच्या हातात रोह्याच्या पोह्यांची पिशवी दिली आणि ते किती वेळ भिजवायचे यावर मोटारीच्या दारापर्यंत व्याख्यान दिलं.

पुढच्याच आठवड्यात पेणला महोत्सव मंडळाची सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, एवढा मोठा कलावंत आला आणि आपण त्याला दोन शब्द बोलू दिले नाहीत. शिवाय ज्याला काही आठवत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला रंगमंचावर बसवू नये. मी उठायला गेलो तर अण्णांनी माझं मनगट धरलं. आयुष्यात कबड्डी खेळलो नाही, पण पकड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. “बरोबर हाय,” अण्णा अध्यक्षांना म्हणाले, आणि त्यांची मुलाखतीची खुर्ची गेली.

पुढच्या वर्षापासून मुंबईहून एक गोड आवाजाचे निवेदक येऊ लागले. त्यांचं काहीच चुकत नसे. उत्तरं लांब जात आणि तिकडेच राहत. रेघ पुसली गेली, मग महोत्सवही. तोवर अण्णा मागच्या रांगेत शेंगा खात बसत. आता तेही नाहीत, आणि कोणी बोलता बोलता भरकटलं की माझे डोळे अजून जमिनीवर चुना शोधतात.

त्या सभेनंतर आम्ही दोघं एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, “अण्णा, त्या म्हाताऱ्याचं खरं काय ते एका वाक्यात सांगितलं असतं, तर तुमची खुर्ची राहिली असती. का नाही सांगितलंत?”

अण्णांनी चहा बशीत ओतला.

“पडलेल्या गड्याचं नाव भोंग्यावर घेत नाय.”