आचार्यांनी मागच्या दाराने यावे

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तिच्या सासरकडच्या सर्वांत आदरणीय माणसाने एक पोतं कांदा चिरला. (फार बारीक चिरला, हे आधीच सांगून ठेवतो. कामात खोट काढायला जागा नव्हती.)

मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि राहतो कुंडलला. कारखान्यात 'येथे थुंकू नये'पासून 'हेल्मेट घालूनच आत यावे'पर्यंत सगळ्या सूचना मराठीत टाइप करतो तो मीच. त्यामुळे मोबाइलवर शुद्ध मराठी लिहिणारा पंचक्रोशीतला एकमेव माणूस अशी माझी ख्याती आहे. निदान माझ्या मनात तरी आहे.

रोहिणीचा साखरपुडा ठरला तेव्हा मी एक ग्रुप काढला. साताऱ्याची पाहुणेमंडळी, आमची भावकी, मांडववाला, हलगीवाला आणि पलूसचे आचारी बाबालालभाई, सगळे एकाच ग्रुपवर. एकदा लिहिलं की सगळ्यांना कळलं!

"आवं, त्यापरीस फोन करा की सरळ," बायको म्हणाली. सुनंदाला तंत्रज्ञानाचं वावडं आहे.

"फोनवर बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं राहतं," मी म्हणालो.

ते राहिलं. अजून साताऱ्याच्या प्रत्येक पाहुण्याच्या मोबाइलमध्ये आहे.

आता पाहुण्यांकडचे आचार्य कोण ते सांगतो. नवऱ्यामुलाच्या आईचे मामा. साताऱ्यात त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. त्यांचं खरं नाव घरातसुद्धा कुणी घेत नाही, सगळे नुसतं 'आचार्य' म्हणतात आणि म्हणताना जरा उठून उभे राहतात. त्यांनी मान डोलावली म्हणूनच ही सोयरीक जमली होती. आमच्याकडून त्यांना भेटलो होतो फक्त मी. सुनंदाने ना आचार्य पाहिले होते ना आचारी.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसून स्वयंपाक्यासाठी सूचना टाइप केली. माझ्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं. सूचना अशी:

'आचार्यांनी सकाळी सहाला मागच्या दाराने यावे. स्वतःचा झारा आणावा. आल्या आल्या कांदा चिरायला बसावे. विडीकाडी गोठ्यामागे करावी. घरातल्या बायकांशी हुज्जत घालू नये.'

पाठवली, आणि कौतुकाने सुनंदाला वाचायला दिली.

"ह्ये आचार्य कोन?" तिने विचारलं.

"आचारी गं! बाबालालभाई!"

"मग डोक्यावर रफार कशाला दिलाय त्यास्नी?"

मी पाहिलं. खरंच रफार होता. आपल्या भाषेत हा मोठा घोळ आहे. 'सूर्या'तला र अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, आणि 'वाऱ्या'तला र ऊसतोडीच्या कोयत्यासारखा आडवा पडतो. डोक्यावर बसला तर आचार्य म्हणजे विद्वान. आडवा पडून 'आचाऱ्यांनी' झालं तर आचारी म्हणजे स्वयंपाकी. मोबाइल बनवणाऱ्याला हा फरक ठाऊक असावा, पण त्याने आडवा र कुठे लपवला होता ते मला ठाऊक नव्हतं.

पण मी घाबरणारा नव्हे! मी मेसेजवर बोट दाबून धरलं. मोबाइलने विचारलं, 'माझ्यासाठी डिलीट करा' की 'प्रत्येकासाठी डिलीट करा'? मी म्हणालो, चूक माझी आहे, इतरांना कशाला तोशीस? 'माझ्यासाठी' दाबलं. मेसेज गायब!

"गेला," मी सुनंदाला स्क्रीन दाखवली.

"आता तरी बाबालालभाईंना फोन करा."

"करतो की."

पण आधी आडवा र शोधायचा होता. सगळी बटणं दाबून पाहिली. एकदा कानडी आलं, एकदा उर्दू आलं, एकदा मोबाइलच बंद झाला. शेवटी मराठी कीबोर्ड उघडून 'र' बराच वेळ दाबून धरला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यावर दुसरा र उगवला, खाली टिंब असलेला. त्याला पाय मोडून य जोडला. ऱ्य! कोलंबसालाही एवढा आनंद झाला नसेल!

त्या आनंदाच्या भरात मी पुढची, साताऱ्याच्या आचार्यांच्या स्वागताची सूचना लिहिली. नवीन सापडलेलं अक्षर हातात होतं, ते वापरल्याशिवाय कसं राहवणार? लिहिलं:

'आचाऱ्यांचे स्वागत सकाळी दहाला वेशीवर हलगी लावून करावे. मानाचा फेटा बांधावा. त्यांना कोणतेही काम सांगू नये. जबाबदारी: अण्णा.'

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. हुकूम आला की पाळायचा, अर्थ विचारायचा नाही.

संध्याकाळी ग्रुपवर आचार्यांचं उत्तर आलं: 'आज्ञा शिरसावंद्य.' मला भरून आलं. एवढा मोठा माणूस, पण काय विनय! पाठोपाठ बाबालालभाईंनी हात जोडलेले आणि गुलाबाची तीन फुलं पाठवली. बाकीच्या पाहुण्यांनी तयारीच्या गडबडीत ग्रुप उघडलाच नव्हता, हे नंतर कळलं. एकूण सगळे खूश होते. आणि फोन करायचा राहिलाच.

सकाळी सहाच्या आधीच मी हारफुलं आणायला पलूसला गेलो. दहाच्या सुमारास परत आलो तर परसात सुनंदा खूश दिसली.

"आवं, आचारी लय गुनाचा मानूस हाय! सहाच्या ठोक्याला हजर. आल्या आल्या मला नमस्कार केला. म्हनला, 'बाई, कांदा कुठं आहे?' एक शब्द जादा न्हाई. मी म्हनलं, काका, चहा घ्या. तर म्हनला, 'आधी सेवा.' नुसतं तोंडानं कायबाय पुटपुटत चिरतोय."

"काय पुटपुटतोय?"

"देवाचं वाटतंय. संस्कृत."

माझ्या हातातली फुलांची पिशवी खाली पडली.

धुण्याच्या दगडापाशी पाटावर आचार्य बसले होते. धोतर खोचलेलं, शेजारी नवा कोरा झारा, समोर कांद्याचा डोंगर, आणि डोळ्यांतून धारा!

"आचार्य!" मी ओरडलो. "तुम्ही... रडताय?"

"कांदा आहे," ते शांतपणे म्हणाले. "काल मिरजेला डोळे तपासून घेतले, मुक्काम पलूसला एका विद्यार्थ्याकडे केला. डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत. आता तसं म्हणणार नाहीत."

"पण हे... तुम्ही का..."

"तुमची सूचना वाचली. वाटलं, कुंडलकडची रीत असेल. मुलीच्या घरी ज्येष्ठाने सेवा करायची. छान रीत आहे. झारा मात्र विकत घ्यावा लागला."

मी त्यांच्या हातातली सुरी काढून घ्यायला गेलो, ते देईनात. मी ओढली, त्यांनी ओढली. तेवढ्यात वेशीकडून हलगी कडाडली!

मी पळत रस्त्यावर आलो. मिरवणूक येत होती. पुढे हलगीवाला, मागे छाती काढून अण्णा, आणि अण्णांच्या शेजारी भगवा फेटा, गळ्यात हाताएवढा जाड हार घातलेले बाबालालभाई! त्यांच्या मागे त्यांची माणसं कढया, पातेली डोक्यावर घेऊन नाचत होती. आणि त्या सगळ्यांच्या मागे, रस्ता मिळेना म्हणून हॉर्न वाजवत, साताऱ्याच्या पाहुण्यांच्या गाड्या!

"अण्णा, ह्ये काय केलंस?" मी ओरडलो.

"हुकमाची तामिली!" अण्णा म्हणाले. "आचाऱ्यांचं स्वागत. सलामी बी दिली."

बाबालालभाई माझे हात हातात घेऊन म्हणाले, "मालक, इतकी वर्षं रांधतोय, पर आचाऱ्याला फेटा बांधनारा मानूस आज बघितला. घरी बायकोला मेसेज दाखवला तर ती रडली."

आता त्यांना काय सांगणार? मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडीतून उतरणाऱ्या विहीणबाईंकडे वळलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"मामा कुठं आहेत?"

कुणी उत्तर द्यायच्या आत परसातून आचार्य स्वतःच आले. एका हातात झारा, धोतराला सालपटं, डोळे लालबुंद. विहीणबाई पाहतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा झाला, की हलगीवाल्याने आपण होऊन हलगी थांबवली.

"आमच्या मामांना कांदा चिरायला बसवलंत? आणि स्वयंपाक्याला फेटा?" त्या म्हणाल्या. "चला, गाडीत बसा सगळे. हा साखरपुडा व्हायचा नाही!"

व्याहीबुवांनी गाडीचं दार उघडलंसुद्धा. रोहिणी दारात उभी होती. तिचा रंग उडाला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की निरक्षर असतो तर मुलीचा संसार सुखाचा झाला असता.

"ताई, चूक माझी," मी म्हणालो. "तो र... आडवा पडायचा तो डोक्यावर बसला. मग जो डोक्यावर बसायचा तो मी आडवा पाडला."

"हे प्यायलेत का?" विहीणबाईंनी सुनंदाला विचारलं.

"न्हाई हो. शुद्धलेखन करतात," सुनंदा म्हणाली.

तेवढ्यात आचार्यांना उमगलं. त्यांनी झारा काखेत धरला, चष्मा लावला, मोबाइल काढला आणि दोन्ही मेसेज खणखणीत आवाजात सर्वांसमोर वाचले. मागचं दार वाचलं. कांदा वाचला. 'विडीकाडी गोठ्यामागे करावी' इथे थांबून ते म्हणाले, "या वाक्याने तर मला आपुलकी वाटली. चोरून ओढतो हे घरात कुणाला ठाऊक नाही, आणि यांनी जागासुद्धा काढून ठेवली!"

"मामा!" विहीणबाई किंचाळल्या. "तुम्ही विडी ओढता?"

आधी रोहिणी हसली. मग नवरामुलगा. 'घरातल्या बायकांशी हुज्जत घालू नये' हे वाक्य आलं तेव्हा व्याहीबुवांनी गाडीचं दार लावून टाकलं आणि म्हणाले, "ह्यातलं एवढं शेवटचं मी बी पाळतो." मग विहीणबाईंनाही हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या, की सुनंदाने त्यांना खुर्ची दिली.

बाबालालभाई मात्र फेटा सोडायला लागले होते. "माझा न्हवं तर ह्यो," ते हळूच म्हणाले.

आचार्यांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. बांधलेला फेटा सोडत नाहीत. दुसरा असेल तर मलाही बांधा."

अण्णांनी तिथल्या तिथे दुसरा बांधला आणि पुन्हा सलामी ठोकली. मग बाबालालभाई परसात गेले, मूठभर कांदा उचलून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो कुनी चिरलाय? लय येकसारका हाय!" आचार्य जन्मभर सत्कार स्वीकारत आलेले, पण एवढं लाजलेलं मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

जेवण दुपार कलल्यावर झालं. अख्खा मसूर असा जमला होता, की पाहुण्यांनी ताटं पुसून खाल्ली. अंगठ्या घातल्या, पेढे वाटले, लग्नाची तारीखही त्याच बैठकीत धरली. आचार्य आणि बाबालालभाई बराच वेळ दिसत नव्हते. गोठ्यामागून धूर येत होता.

दुसऱ्या दिवशी मी कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, की आडवा र हा आमच्या भाषेचा मान आहे, तो असा लपवून ठेवू नका. त्यांचं इंग्रजीत उत्तर आलं, सुरुवात 'प्रिय मॅडम' अशी होती. पण खोटं कशाला बोलू, काही महिन्यांनी मोबाइल अपडेट झाला, आणि 'आचाऱ्यांनी' लिहायला घेतलं की खाली दोन्ही शब्द शेजारी शेजारी येऊन उभे राहतात, एक रफाराचा आणि एक आडवा. हवा तो घ्या! हे माझ्या पत्रामुळेच झालं असं मी गावात सांगतो. मराठीला चांगले दिवस येणार यात मला शंका नाही.

लग्नाचा नवा ग्रुप विहीणबाईंनी काढलाय. मलाही घेतलंय, पण तिथे मला फक्त वाचता येतं. लग्नात काहीतरी काम द्या म्हणून मी फार हट्ट धरला, तेव्हा दोन्ही घरांनी एकमताने मला लसूण सोलायला बसवायचं ठरवलं. त्या शब्दात र नाही.